शिफ्टिंगला महिना उरलाय: बांधाबांध नव्या घरापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. महिनाभरानं घर बदलायचंय. दोन बेडरूमचं घर, माणसं चार, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण लहान. मागच्या वेळी शेवटची रात्र जागून काढली, तरी काचेचं बरंच फुटलं आणि हवी ती खोकी आठवडाभर सापडली नाहीत. आता विचारताय की बांधायला कुठल्या खोलीपासून सुरुवात करायची, खोकी किती आणायची, फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं काय करायचं, आणि काम कंपनीला द्यावं की मित्रांना हाताशी धरून उरकावं.

जागरण, फुटतूट आणि हरवलेली खोकी, या तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. सामान 'इथून बाहेर काढायचं' म्हणून बांधलं गेलं. ते तिथं कुठं ठेवायचं, कोण उघडणार, कधी उघडणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मग नेऊ की नको हा प्रश्न प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर पडतो आणि बांधायचा वेळ ठरवण्यात जातो. म्हणून खोकी मागवण्याच्या आधी मीटरपट्टी घ्या आणि नव्या घरी जाऊन या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. अंतर तासाभराचं असेल तर नाजूक वस्तू, कुंड्या आणि कागदपत्रं स्वतःच्या गाडीनं आधी दोन फेऱ्यांत नेता येतात आणि बांधणी थोडी सैल असली तरी चालतं. अंतर दिवसाभराचं असेल, वाटेत सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढणार असेल, तर प्रत्येक खोकं चार वेळा आपटलं जाणार असं धरूनच बांधायचं. पावसाळा असेल तर प्लास्टिकचं काम वाढतं. खाली लिहितोय ते मधल्या अंतराचं धरून; तुम्ही कमी-जास्त करून घ्या.

नव्या घरी प्रत्येक खोलीचा साधा चौकोन कागदावर काढा. भिंतींची लांबी, खिडक्या, दारं कुठल्या बाजूला उघडतात, प्लग कुठं आहेत, वॉशिंग मशीनचा नळ आणि पाणी जायची वाट कुठं आहे, एवढं त्यात हवं. दाराची रुंदी मोजताना चौकटीची मोजू नका. दार काटकोनात उघडून, पल्ल्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. पल्ल्याची जाडी आणि बिजागरी मिळून दीड-दोन इंच खातात, आणि सोफा नेमका तेवढ्यासाठी अडतो. लिफ्टची तीन मापं घ्या: दाराची रुंदी, दाराची उंची आणि आतली खोली. केबिन सात फुटी असली तरी तिचं दार बहुधा त्याहून कमी उंचीचं असतं, त्यामुळं उंच कपाट उभं आत जात नाही. जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि तिथली छताची उंचीही मोजा. मापं दोन्ही इमारतींची हवीत. सोफ्याचे पाय बहुतेक वेळा आट्यांचे असतात. ते काढले की चार-पाच इंच सुटतात आणि तेवढ्यात काम होतं.

आता घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूला त्या कागदावर भिंत द्या. जिला भिंत मिळाली नाही ती जात नाही. काय टाकायचं हा वाद घरात होतो तो बहुतेक 'कधीतरी लागेल' यावर अडतो. कागदावर जागाच उरली नाही की वाद आपोआप आटोपतो. काढायच्या वस्तू विकायला, द्यायला किंवा टाकायला पहिलाच आठवडा वापरा. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक शोधायला वेळ नसतो आणि नको असलेली वस्तूच बांधून नेली जाते.

गाडी किती मोठी लागेल हे अंदाजानं ठरवू नका, घनफुटात मोजा. फुटात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मापं इंचात असतील तर गुणाकाराला १७२८ नं भागा. तुमच्यासारख्या घराचा एक नमुना हिशेब करून दाखवतो. दोन दारांचं कपाट (४ × २ × ६.५) ५२ घनफूट, अशी दोन म्हणजे १०४. तीन जणांचा सोफा (७ × ३ × ३) ६३ आणि दोन खुर्च्या मिळून ५४. फ्रिज २५, वॉशिंग मशीन १२. पलंग सुटे करून ३०, गाद्या ५०. जेवणाचं टेबल सुटं करून २० आणि सहा खुर्च्या ३६. साठ खोकी सरासरी दोन घनफुटांची धरली तर १२०. सायकल, कुंड्या, पंखे, बादल्या असलं आडवंतिडवं सामान ४०. एकूण साडेपाचशेच्या थोडं वर. आता १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच हौद्याची गाडी घेतली तर ती ५०४ घनफुटांची. त्यातली ७५ ते ८० टक्केच जागा प्रत्यक्षात भरते, बाकी वस्तूंच्या मधल्या फटींत जाते. म्हणजे हाती येतात जेमतेम ४०० घनफूट. 'चौदा फुटी पुरेल' असं कुणी फोनवर सांगितलं असेल तर ऐनवेळी दुसरी फेरी किंवा दुसरी गाडी ठरलेली समजा.

हा हिशेब आधी केला की उपायही तिथंच दिसतात. कपाटं सुटी केली की प्रत्येकी ४० घनफूट वाचतात. त्या दोन खुर्च्यांना नव्या घरात भिंत मिळाली नसेल तर आणखी ५४ गेले. उरलं ४२० च्या आसपास. आता थोडी मोठी गाडी एकाच फेरीत पुरते, किंवा कुंड्या आणि सायकल आधी वेगळं नेऊन छोट्या गाडीत भागवता येतं.

वेळेचाही असाच हिशेब करा. पुस्तकांचं खोकं दहा-पंधरा मिनिटांत भरतं, काचेच्या भांड्यांचं नीट भरायला अर्धा-पाऊण तास जातो. सरासरी २५ मिनिटं धरली तरी साठ खोक्यांना २५ तास लागतात, आणि त्यात फर्निचर सुटं करणं धरलेलं नाही. हे काम शेवटच्या दोन दिवसांवर टाकलं तर जागरण होणारच. तीन आठवड्यांवर पसरलं तर रोज सव्वा-दीड तासात होतं.

म्हणून तुमच्या 'कुठल्या खोलीपासून' या प्रश्नाला माझं उत्तर आहे: खोलीपासून नको, वापरापासून. घरभर फिरून आधी ते बांधा ज्याला महिनाभर कुणी हात लावणार नाही: माळ्यावरचं सामान, दुसऱ्या ऋतूचे कपडे आणि पांघरुणं, शोभेच्या वस्तू, जुनी कागदपत्रं, वाचून झालेली पुस्तकं. पुढच्या आठवड्यात उरलेली पुस्तकं, भिंतीवरच्या तसबिरी, पाहुण्यांसाठीची भांडी. शेवटच्या आठवड्यात रोजचे कपडे आणि स्वयंपाकघर. रोजच्या वापराला माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला आणि दोन-तीन पातेली ठेवून बाकी सगळं तीन दिवस आधी बंद. खोली-खोली बांधत गेलात तर प्रत्येक खोलीतलं पाव सामान 'अजून लागतंय' म्हणून बाहेर राहतं, आणि अर्धवट भरलेली खोकी घरभर तोंड उघडी ठेवून पडतात. भरलेली खोकी एकाच खोलीत एका भिंतीला लावत जा. बाकी घर वावरायला मोकळं राहतं.

खोक्यावर काय लिहायचं यात मागची हरवाहरव दडलेली आहे. जुन्या खोलीचं नाव लिहू नका, वस्तू नव्या घरात जिथं जायची ती खोली लिहा. माळ्यावरची सुटकेस तिथं बेडरूममध्ये जाणार असेल तर तिच्यावर 'बेडरूम २' हवं. त्यापुढं क्रमांक, आणि क्रमांकापुढं १, २ किंवा ३: पहिल्या दिवशी उघडायचं, पहिल्या आठवड्यात, किंवा सवडीनं. हे शेजारशेजारच्या दोन उभ्या बाजूंवर जाड मार्करनं लिहा. वरच्या झाकणावर लिहिलेलं थप्पी लागली की दिसत नाही. आत काय आहे ते बाहेर लिहू नका, विशेषतः किमती वस्तू असतील तर. त्यासाठी एका वहीत क्रमांकासमोर चार शब्द टिपा आणि खोकं बंद करण्याआधी वरून फोनवर एक फोटो घ्या. फोटोत खोक्यावरचा क्रमांक यायला हवा. नाहीतर साठ फोटो असूनही शोधाशोध तीच.

खोकी किती? घनफळ आणि पुस्तकं पाहून ठरतं, पण तुमच्या घराला ५० ते ७० पुरतील. शंभर मागवू नका. रिकामी खोकी दिसली की नको ते भरलं जातं. दोनच आकार घ्या. लहान साधारण १६ × १२ × १२ इंचांचं आणि मोठं १८ × १८ × १६ इंचांचं. लहान १.३३ घनफुटांचं होतं, मोठं ३ घनफुटांचं. भांड्यांसाठी आणि पुस्तकांसाठी पाच पदरी पुठ्ठा हवा, कपड्यांना तीन पदरी चालतो. एक नियम सगळ्यांना: भरलेलं खोकं १८-२० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. एका माणसाला ते छातीशी धरून जिना उतरता आलं पाहिजे. त्याहून जड खोकं उचलणारा शेवटच्या पायरीवर टाकतो, ठेवत नाही.

तळाला टेप लावताना मधल्या जोडावर दोन पट्ट्या आणि दोन्ही कडांना एकेक आडवी पट्टी लावा; प्रत्येक पट्टी कडेवरून खाली तीन इंच उतरली पाहिजे. चारही पानं एकमेकांत अडकवून बिनटेपचं खोकं करायची सवय असते, ते खोकं उचलताना मधोमध उघडतं. ६५ मीटरचा टेपचा रोल अशा पद्धतीनं १५ ते १८ खोक्यांना जातो, म्हणजे तुम्हाला चार रोल लागतील. पाचवा घेऊन ठेवा, कारण कात्री आणि टेप याच दोन वस्तू शेवटच्या दिवशी कुठल्यातरी खोक्यात बंद होतात. जोडीला दहा किलो कोरा कागद, एक बबल रॅपचा रोल, मास्किंग टेप, जाड मार्कर, बंद होणाऱ्या लहान प्लास्टिक पिशव्या आणि गाद्यांना घालायचे प्लास्टिकचे खोळ.

फुटतूट कशी होते ते समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतील. काच आणि चिनी माती दोन कारणांनी फुटते: एकमेकांवर आपटून, आणि वरच्या वजनानं वाकून. ताटल्या आडव्या थप्पीनं ठेवल्या की खालच्या ताटलीवर सगळ्यांचं वजन येतं आणि खड्ड्यात गाडी आपटली की तीच मधोमध तडकते. त्याच ताटल्या कडेवर उभ्या ठेवल्या तर धक्का ताटलीच्या जाडीतून नाही, तिच्या पूर्ण रुंदीतून जातो आणि ती टिकते. खोक्याच्या तळाशी चुरगाळलेल्या कागदाचा दोन-तीन इंचांचा थर द्या. प्रत्येक ताटली वेगळ्या कागदात गुंडाळा, तीन-चारांची जुडी करून पुन्हा एक कागद, आणि जुड्या उभ्या लावा. पेल्यांच्या आत कागद कोंबून ते पालथे ठेवा. दांडीच्या कपांना दांडीभोवती वेगळा कागद, कारण तुटते ती दांडीच. जड खाली, हलकं वर, मधे पुठ्ठ्याचा एक आडवा तुकडा. भरून झालं की वर कागदाचा थर देऊन खोकं दोन्ही हातांनी हलकेच हलवा. आतून आवाज आला तर उघडा आणि फट भरा. मग झाकण लावून तळहातानं दाबा. ते खाली गेलं तर आत पोकळी आहे, थप्पीत वरचं खोकं बसलं की हे दबणार. अर्धं रिकामं खोकं जास्त भरलेल्याइतकंच धोक्याचं.

छापील वर्तमानपत्र थेट पांढऱ्या भांड्यांना लावू नका. शाई लागते आणि धुवायचं काम वाढतं. पोकळी भरायला ते उत्तम. बबल रॅप पॉलिश केलेल्या लाकडाला थेट गुंडाळला आणि गाडी उन्हात उभी राहिली तर गोल गोल डाग उमटतात, म्हणून आधी कागद किंवा जुनी चादर, वरून बबल रॅप. टॉवेल आणि चादरी तशाही न्यायच्याच असतात, त्यांचा वापर भराव म्हणून करा.

पुस्तकं लहान खोक्यातच. एक मीटर फळीवरची पुस्तकं २० ते ३० किलो भरतात, तेव्हा मीटरभर फळीला दीड खोकं धरा. खोकं दोन-तृतीयांश पुस्तकांनी भरून वर उशी किंवा स्वेटर टाकले की वजनही आटोक्यात राहतं आणि पोकळीही उरत नाही. हँगरवरचे कपडे दहा-दहाचा गठ्ठा करून आकड्यांना रबर लावा आणि खालून मोठी प्लास्टिक पिशवी चढवून वर गाठ मारा. तिथं गेल्यावर पिशवी काढली की थेट कपाटात.

फर्निचर सुटं करताना आधी फोटो काढा, जोडांचे जवळून. प्रत्येक भागावर मास्किंग टेपची पट्टी लावून 'डावी बाजू', 'मागची फळी' असं लिहा. त्या वस्तूचे स्क्रू, क्लिप आणि ॲलन चावी एका लहान पिशवीत घालून पिशवीवर वस्तूचं नाव लिहा. पिशवी त्याच वस्तूच्या मोठ्या भागाच्या आतल्या बाजूला चिकटवा, किंवा सगळ्या पिशव्या मिळून एका डब्यात घालून तो डबा स्वतःजवळ ठेवा. अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं मात्र नको. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या कपाटाबद्दल एक सावधगिरी. या बोर्डात स्क्रूची पकड दर वेळी कमी होते. एकदा सुटं होऊन जोडलेलं कपाट पुन्हा सोडवलं तर बऱ्याचदा भोकं भुसभुशीत निघतात आणि ते नंतर डुलतं. असं कपाट आधीच डुलत असेल तर ते नेण्याआधी पुन्हा एकदा नव्या घराच्या त्या कागदाकडं बघा. काचेचा टेबलटॉप आणि आरसे नेहमी उभे न्यायचे, कधीही आडवे नाहीत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पहिला आठवडा मोजणं, ठरवणं आणि नको ते काढणं, दुसरा-तिसरा आठवडा न लागणारं बांधणं, चौथ्यात रोजचं सामान. शेवटचे तीन दिवस यंत्रांसाठी मोकळे ठेवा, कारण त्यांना घाई चालत नाही.

फ्रिज निघायच्या २४ तास आधी बंद करायचा. बर्फ विरघळतो, दार उघडं ठेवून आतून पुसून कोरडा करायचा, मागच्या बाजूला खाली पाणी साठायचा ट्रे असतो तो रिकामा करायचा. हा ट्रे विसरला की जिन्यात पाणी सांडतं आणि गाडीत शेजारचं खोकं भिजतं. आतल्या काचेच्या फळ्या काढून वेगळ्या गुंडाळा. दाराला चिकटपट्टी थेट लावू नका, रंग निघतो. पट्टा किंवा दोर बांधा. फ्रिज उभाच न्यायचा आणि उचलताना फार कलवायचा नाही. आडवा केला की कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नाइलाजानं आडवा न्यावा लागलाच तर नव्या घरी उभा करून २४ तास थांबा, मगच चालू करा. उभा आणला असला तरी तीन-चार तास शांत राहू द्या.

वॉशिंग मशीनबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय, म्हणून जरा सविस्तर. समोरून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर आणि शॉक ॲब्सॉर्बरवर टांगलेला असतो. नवीन मशीन घरी येतं तेव्हा मागच्या बाजूला तीन किंवा चार लांब बोल्ट असतात, ते ड्रमला अडकवून ठेवतात. बसवणारा माणूस ते काढून भोकांना टोप्या लावतो. सामान हलवताना तेच बोल्ट परत लावायचे असतात. ते न लावता मशीन गाडीत घातलं तर प्रत्येक खड्ड्याला ड्रम आतल्या भागांवर आदळतो, आणि बाहेरून ओरखडाही नसताना पुढच्या धुण्याला ते थडथडायला लागतं. बोल्ट कुठं ठेवलेत ते आजच शोधा. नसतील तर मॉडेल क्रमांक सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून मागवा, यायला दिवस लागतात. पाण्याचा निचरा असा करा: नळ बंद करून एकदा ड्रेन आणि स्पिन चालवा, पुरवठ्याची नळी सोडा, पुढं खाली असलेलं फिल्टरचं झाकण ताटली आणि फडकं घेऊन उघडा. तिथून अजून पाणी निघतं, फिल्टर साफ करून परत घट्ट बसवा. नव्या घरी मशीन चालू करण्याआधी ते बोल्ट काढायला विसरू नका. विसरलात तर स्पिनला मशीन जागेवरून सरकत दारापर्यंत येईल आणि खराबही होईल. वरून उघडणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा असे बोल्ट नसतात, तिथं ड्रम आणि बाहेरच्या बॉडीच्या मधे पुठ्ठा किंवा जाड टॉवेल ठोसून ड्रम हलणार नाही असं करायचं.

एसी स्वतः काढू नका. तंत्रज्ञ आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, मग व्हॉल्व्ह बंद करून नळ्या सोडतो. नळ्यांची तोंडं टोपीनं किंवा टेपनं लगेच बंद व्हायला हवीत, नाहीतर आत धूळ आणि दमट हवा जाते. काढायच्या आणि बसवायच्या, दोन्ही भेटी आधी ठरवून ठेवा. टीव्ही उभा, पडद्यापुढं सपाट पुठ्ठा, आणि त्याच्यावर काहीही नाही. टीव्ही टांगायची भिंतीवरची पट्टी आणि तिचे स्क्रू काढून बरोबर घ्या. गिझर आणि पाण्याचा फिल्टर रिकामा करून मगच गुंडाळा. इन्व्हर्टरची बॅटरी नेहमी उभी, तारा सोडून दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप. तिच्यातलं आम्ल कपड्यांच्या खोक्याशेजारी नको. कॉम्प्युटरच्या मागच्या तारांचा फोटो आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत, एवढं पुरे.

गॅस सिलिंडर, रंग, थिनर, रॉकेल, फवाऱ्याचे डबे, काडेपेट्या बंद गाडीत सामानाबरोबर घालायच्या नाहीत. बहुतेक वाहतूकदार घेतही नाहीत, आणि न सांगता घातल्या तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. कागदपत्रं, दागिने, औषधं, लॅपटॉप, पॉवर बँक, दोन्ही घरांच्या किल्ल्या हे सगळं तुमच्या स्वतःच्या बॅगेत. पहिल्या रात्रीचं एक वेगळं खोकं करा: अंथरूण, टॉवेल, साबण, प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, झाडू, फडकी. ते सर्वांत शेवटी चढतं आणि सर्वांत आधी उतरतं.

गाडी भरताना जड आणि उंच वस्तू केबिनच्या भिंतीला: फ्रिज, कपाटं, वॉशिंग मशीन. तळापासून छतापर्यंत एक रांग पूर्ण भरा, दोरानं आवळा, मग दुसरी रांग. आधी सगळ्या जमिनीवर पसरून नंतर वर रचत गेलं की ब्रेक लागला की वरचं सगळं पुढं येतं. काच आणि आरसे दोन गाद्यांच्या मधे उभे. एक माणूस जुन्या घरी दाराशी वही घेऊन, एक गाडीजवळ, एक नव्या घरी खोली दाखवायला. नव्या घरात प्रत्येक खोलीच्या दारावर तिचं नाव चिकटवलेलं असेल तर तुम्हाला ओरडून सांगावं लागत नाही. उतरल्यावर आधी पलंग जोडा, मग पडदे आणि प्लगची कामं. खोकी उद्या.

आता कंपनी की मित्र. सहा महिन्यांत जमलेलं थोडं सुटंसुटं सामान, तळमजला आणि जवळचं अंतर असेल तर मित्र पुरतात. तुमच्याकडं तिसरा मजला, लहान लिफ्ट, फ्रिज आणि कपाटं आहेत. निदान चढवणं-उतरवणं सवयीच्या मजुरांना द्या, असं मी म्हणेन. बांधणी स्वतः करायची की त्यांच्याकडून, याचा निर्णय एका गोष्टीवर घ्या. तुम्ही बांधलेल्या खोक्यातलं फुटलं तर कंपनी बहुतेक वेळा जबाबदारी घेत नाही. त्यांनी बांधलेल्याची घेते. म्हणून पुस्तकं, कपडे, पांघरुणं स्वतः बांधा, काच आणि टीव्ही त्यांना द्या. दर ठरवण्याआधी त्यांचा माणूस घरी येऊन सामान पाहून जाऊ दे. लेखी कोटेशनमध्ये हे असायला हवं: गाडीचं माप, ती फक्त तुमची की इतरांच्या सामानाबरोबर, फर्निचर सुटं करून परत जोडणं धरलंय का, मजल्याचे आणि दारापासून गाडीपर्यंतच्या अंतराचे वेगळे पैसे आहेत का, पोचवायची तारीख. वाटेतल्या नुकसानीचा खरा विमा आहे की कंपनीचा नुसता शब्द, हे पॉलिसीचा कागद मागून पाहा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, काही भाग सामान उतरल्यावरचा ठेवा.

सामान उतरल्यावर पावतीवर सही मागतात, तेव्हा सगळे थकलेले असतात. वहीतले क्रमांक मोजून घ्या, दबलेलं किंवा ओलं खोकं तिथंच उघडा, मोठ्या वस्तूंभोवती एक फेरी मारा. जे दिसेल त्याचा फोटो घ्या आणि पावतीवरच सहीच्या वर लिहा. उरलेली खोकी बंद असतील तर 'खोकी न उघडता, फक्त मोजून घेतली' असं लिहून मग सही करा, आणि दावा किती दिवसांत करायचा ते त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या.